चाचांच्या डब्यातली चरबी

आष्ट्याला आमच्या घरापासून चार दुकानं सोडली की चाचांची बेकरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या बायका मैदा, रवा, पिठीसाखर घेऊन तिथं नानकटाई भाजून घ्यायला जायच्या. नंबर लागेपर्यंत आई मला एका उपड्या डब्यावर बसवून ठेवायची, आणि भट्टीतनं निघालेली पहिली नानकटाई चाचा माझ्या हातावर ठेवायचे. बारावीपर्यंत हे चाललं. चाचा आणि माझे वडील, आबा, एका वर्गातले. शाळा संपल्यावर आबा फौजेत गेले आणि चाचा साताऱ्याला एका बेकरीत काम शिकायला. दोघंही परत आले. आबांनी ऊस लावला, चाचांनी भट्टी बांधली. रोज सकाळी आबांचा पहिला चहा चाचांच्या बाकड्यावर व्हायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. मांसाच्या नमुन्यातला डीएनए काढायचा आणि ते कुठल्या जनावराचं आहे ते ओळखायचं, असं आमचं काम. घरी सांगितलं तर सगळे हसले. चाचा तेवढे हसले नाहीत.

"म्हंजे शिजवलेल्या खिम्यातनंबी कळतं? जनावर कुठलं हुतं ते?"

"कळतं, चाचा."

"लय मोठं काम हाय पोरी," ते म्हणाले.

त्या वर्षी होळीला मी घरी आले तेव्हा बेकरी चालू होती, पण चाचा गल्ल्यावर नव्हते. चाचींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. चाचा खाटेवर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. खाटेखालून त्यांनी एक डबा ओढला. आत पांढरी घट्ट चरबी होती, तळाशी चारेक बोटं उरलेली.

झालं असं होतं. थंडीत त्यांचं नेहमीचं वनस्पती तूप मिळेनासं झालं, तेव्हा एका फिरत्या व्यापाऱ्याकडून त्यांनी हे डबे घेतले. खारी चांगली फुगायची, म्हणून दोन महिने तेच वापरलं. त्यातच रमजान येऊन गेला. आखाती देशातून सुट्टीवर आलेल्या एका नातेवाइकानं डबा बघितला आणि विचारलं, "ही चरबी कशाची? तिकडं असल्या डब्यात डुकराचीबी असती." डब्यावर नुसतं 'खाद्य चरबी' छापलं होतं. चाचा व्यापाऱ्याला शोधत मिरजेपर्यंत जाऊन आले. तो कुणाला माहीत नव्हता.

"डबं बंद केलं म्या त्याच दिवशी," चाचा म्हणाले. "पर रमजानभर लोकांनी माझी खारी खाल्ली. लगनात माझी नानकटाई गेली. म्या लोकांच्या तोंडात काय घातलं, तेवढं मला सांग. तुज्या मशीनला कळतंय न्हवं?"

मी हो म्हटलं. आजही आठवतं, किती पटकन हो म्हटलं ते.

स्टीलच्या डबीत चरबी आणि कागदात गुंडाळलेली जुनी खारी घेऊन मी पुण्याला गेले. सरांची परवानगी काढली. डुकराचा डीएनए असेल तर दिव्याखाली एक चमकदार पट्टी दिसते. पडताळणीसाठी शेजारी खऱ्या डुकराच्या मांसाचा नमुना ठेवला होता. त्याची पट्टी लख्ख उमटली. चाचांच्या चरबीची जागा रिकामी. खारीचीही रिकामी. मी आनंदानं सरांना बोलावून आणलं.

सर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "दुसरं काही सापडलं का या चरबीत? गाय, म्हैस, एखादी वनस्पती?"

चरबीत काहीच सापडलं नव्हतं, खारीत नुसता मैद्यातला गहू.

"मग तपासायला चरबीत डीएनएच उरलेला नाही," ते म्हणाले. "अशी चरबी इतकी तापवतात, इतकी गाळतात की सगळं तुटून जातं. ही रिकामी जागा म्हणजे 'डुक्कर नाही' असं नव्हे. तुला ठाऊक नाही, एवढाच तिचा अर्थ."

मी पुन्हा केलं. नमुना दुप्पट घेतला, पद्धत बदलली. तीनदा तेच. शेवटी एका कागदावर लिहिलं की डुकराचा डीएनए आढळला नाही. त्याखाली दुसरं वाक्य लिहिलं: चरबीत तपासण्याजोगा डीएनए नसल्यामुळे ती डुकराची नाही असं यावरून म्हणता येत नाही.

कराडला गाडी बदलली तेव्हा तो कागद मी काढून वाचला. दुसरं वाक्य खोडावं असं तेव्हा मनात आलं. खोडलं नाही.

चाचा एसटी स्टँडवरच उभे होते. स्वच्छ धुतलेला शर्ट, डोक्यावर टोपी. मी तिथंच कागद दिला आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे हाय असंबी न्हाई, आन न्हाई असंबी न्हाई."

"हो."

"तुजं मन काय सांगतं?"

"माझ्या मनाला काय वाटतं याला काही अर्थ नाही, चाचा."

असं बोलले मी. ज्यांच्या हातची नानकटाई खाऊन वाढले त्या माणसाला. त्यांनी मान हलवली, कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली आणि माझी बॅग उचलून घरापर्यंत आणून दिली.

पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर ते सगळ्यांपुढं उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं. गावात तोवर फारसं कुणाला माहीत नव्हतं. आबा म्हणाले, कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. उलट मौलाना त्यांचा हात धरून म्हणाले की नकळत झालेल्या गोष्टीचा गुन्हा नसतो, मनातून काढून टाका. लोक दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाव न्यायला आले. पण भट्टी पेटलेली नव्हती. ती पुन्हा पेटलीच नाही.

आबा जाऊन भांडले. "गड्या, कोण बोललं का तुला? नाव सांग, मी बघतो."

"कुणीच न्हाई बोललं रं," चाचा म्हणाले. "माज्याच्यानं पीठ मळवत न्हाई. हातच उचलत न्हाई."

मग ते दिवसभर बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. आबांचा चहा तिथंच चालू राहिला, पण बोलणं आटत गेलं. मी सुट्टीला आले की ते हाक मारायचे, अभ्यासाचं विचारायचे. त्या कागदाचा विषय पुन्हा कधी त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. मला रागावले असते तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं आणि त्यांना सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. मी पुण्याहून थेट तिकडंच गेले. दुपारची वेळ होती. चाची पेला धुवायला बाहेर गेल्या होत्या. चाचा इतके बारीक झाले होते की चादरीखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. मी स्टूल ओढून जवळ बसले आणि, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या कामाबद्दल खोटं बोलले.

"चाचा, नवी पद्धत आली आहे. तुमचा नमुना ठेवला होता, तो परत तपासला. डुक्कर नव्हतं. नक्की नव्हतं."

त्यांनी हळूच विचारलं, "कागद आणलास?"

माझ्याकडं कागद नव्हता. मी काहीतरी बोलले, टपालानं येईल, सरांची सही व्हायची आहे. त्यांनी चादरीतून हात काढून माझ्या मनगटावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे पोरी. तू जेवलीस का?"

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. तिथं चाची उभ्या होत्या. त्यांनी नुसता पदर पुढं केला.

आठ दिवसांनी चाचा गेले. आबांनी खांदा दिला, कब्रस्तानात सगळ्यांबरोबर तीन मुठी माती टाकली आणि घरी येऊन अंगणात कपड्यांसकट डोक्यावरनं पाणी ओतून घेतलं. मग ओल्या अंगानं पायरीवर बसले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही ते रडले नाहीत. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "मला तरी खरं सांग. हुतं का न्हवतं?"

"मला माहीत नाही, आबा."

ते उठून आत गेले आणि कोरडं धोतर नेसून उसाला पाणी द्यायला रानाकडं निघाले. मी त्यांच्या मागं कोपऱ्यापर्यंत गेले. बेकरीवरून जाताना ते थांबले नाहीत, फक्त पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि दुकान मागं पडल्यावर पुन्हा घातल्या.