दयारामची चौकट

दयारामने आणि मी आफ्रिकेतल्या एका नदीवरच्या धरणावर शटरिंगचं काम केलं. ओतलेलं काँक्रीट धरून ठेवणाऱ्या फळ्या बांधायच्या. दयारामच्या फळीतून थेंब गळायचा नाही. मुकादम एकदा हात लावायचा आणि पुढे जायचा.

पनवेलजवळचं त्याचं गाव तेव्हा विमानतळासाठी उठत होतं. बिऱ्हाड करंजाड्याच्या पुनर्वसन वसाहतीत जायचं होतं. जुन्या घराची सागवानी चौकट त्याच्या वडिलांनी केलेली, सगळी लाकडी खुंट्यांवर. ती अख्खी कशी सोडवायची ते दयारामलाच ठाऊक. त्याच्या बायकोला, गुणाबाईला, तेवढी एक वस्तू नव्या घरी न्यायची होती. लग्न होऊन ती त्याच चौकटीतून आत आली होती.

तिचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो.

"चौकट काडाला येनार ना?"

"एवढी भिंत भरू दे. मंग येतो."

"धरन तुमच्याबिगर उभं रायाचं नाय काय?"

तो हसला. मीही हसलो. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. पण भिंत दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याचं मन होईना.

पुढे पाणी अडवायची वेळ आली. धरणाच्या वरच्या अंगाला बुडणाऱ्या गावातले लोक घरं उतरवू लागले. रविवारी आम्ही तिकडे गेलो. एक म्हातारी पहारीने स्वतःच्या दाराची चौकट उचकटत होती. दयारामने पहार काढून घेतली. कडेची माती खरवडली, पाचरी मारल्या आणि दुपारपर्यंत चौकट अख्खी बाहेर काढली. कुठे चीर नाही. म्हातारीने तिच्यावरून हात फिरवला, आम्हाला भाजलेली कणसं दिली. मी फोटो काढला. तो त्याने कौतुकाने गुणाबाईला पाठवला.

त्याच आठवड्यात त्याच्या गावात घरं पाडायचं मशीन आलं आणि भिंतीबरोबर चौकटही मोडली. मुलगा हितेश चौकट काढायला एक सुतार आणत होता, पण गुणाबाईने त्याला थांबवलं होतं. 'हे येतील,' म्हणून.

दयाराम परतला तेव्हा तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "त्या म्हातारीची बरी निघाली."

मागच्या महिन्यात मी करंजाड्याला गेलो. मोडक्या चौकटीची पितळी कडी गुणाबाईने उचलून आणली आहे. फ्लॅटचं दार आतून पोकळ, त्यात स्क्रू धरत नाहीत, म्हणून कडी खिडकीत पडून असते.

"नवी सागवानी चौकट करतो," दयाराम म्हणाला.

"नको," गुणाबाई आतून म्हणाली. "मदीच तुमाला कामावर बोलवतील."

दयारामने कडी पुसली आणि परत खिडकीत ठेवली.