माझ्या नावाचं दुसऱ्याचं घर

“चप्पल तिकडं काढ. आन् पायरीवर नको चढू, खालीच उभी राह.”

गावच्या मालगुजाराची बायको मला सांगत होती. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कधीच गेली, पण त्या घरचा रुबाब तसाच आहे. मी चप्पल काढली. त्यांच्या नव्याकोऱ्या घरासमोर, पायरीखाली, उन्हात उभी राहिले. दाराशेजारी एक पाटी टांगली होती. वर सरकारी आवास योजनेचं नाव, खाली माझं.

पंचायतीचा रोजगार सहायक मोबाईल धरून मागं मागं सरकत होता. “थोडा मुस्कुरा बाई. मातम नहीं है.”

मी हसले.

फोटो निघाला. सहायकानं पाटी उतरवून पिशवीत घातली. मालगुजारीणबाईनं आतून बादली आणली आणि मी उभी होते त्या जागेवर पाणी ओतलं. माझ्यासमोर. मी अजून चपला घालत होते. याच घराच्या पायासाठी गिट्टीची घमेली मी डोक्यावर वाहिली होती. तेव्हा तिला बादली आठवली नाही. आमचा घाम चालतो, पाय चालत नाहीत.

आम्ही बौद्ध मोहल्ल्यातले. गाव बालाघाट जिल्ह्यातलं, राज्याच्या हद्दीवर, राजेगावपासून जवळ, त्यामुळं सोयरीक सगळी गोंदियाकडची. नवरा नागपुरात मिस्त्रीकाम करतो. लोकांचे मजले चढवतो. इथं मी, सासू आणि दोन मुली.

आवासच्या यादीत माझं नाव आलं तेव्हा सासूनं मोहल्ल्यात गूळ वाटला. सहायक म्हणाला, “जुनं पाडा. मोकळ्या जागेचा फोटो लागते.” आम्ही पाडलं. भिंती मातीच्या होत्या, पण उभ्या होत्या. नवरा सुटी काढून आला आणि दोन दिवसांत घर आडवं केलं. छपराचे कवेलू एकेक करून उतरवले, बाभळीखाली रचून ठेवले. पुढंमागं न्हाणीवर घालता येतील म्हणून. आपल्या हातानं आपलं छप्पर उतरवणारी माणसं हवी असतील तर आमच्या मोहल्ल्यात या. सरकारी माणूस बोलला की आम्हाला काळ्या दगडावरची रेघ वाटते.

सामान घेऊन आम्ही जुन्या शाळेच्या व्हरांड्यात गेलो. शाळा दुसऱ्या गावात हलवल्यापासून ती इमारत कुलपात आहे. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, असं वाटलं होतं. तिथं दोन पावसाळे काढले. मोठी मुलगी त्याच व्हरांड्यात वयात आली. लुगड्याच्या आडोशाला कपडे बदलते, आणि रस्त्यावरून मोटारसायकल गेली की तशीच खाली बसते. ते बघताना मला माझीच चीड येते.

मधल्या काळात सहायक अंगठ्याचं यंत्र घेऊन तीनदा आला. “खात्याची तपासणी आहे.” मी तीनदा अंगठा टेकवला. घराचे हप्ते खात्यात आले कधी, त्या अंगठ्यावर निघून गेले कधी, मला पत्ता नाही. मग एक दिवस म्हणाला, “तुह्या जागेचा मालकीचा पट्टा नाही निघाला. तुह्यं घर पुढच्या यादीत. आता भैयाजीच्या घरापुढं उभी राह. फोटो नाही गेला तं मोहल्ल्यातली बाकीची पाच घरंबी अडकतील.”

भैयाजी म्हणजे मालगुजार. आणि त्या पाच घरांतलं एक माझ्या नणंदेचं. आपल्यापायी कुणाचं अडायला नको, म्हणून मी गेले. उभी राहिले. हसले.

पुढची यादी आली. मी त्यात नव्हते. तालुक्याच्या जनपद कार्यालयात गेले. कारकुनानं नंबर टाकला आणि कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. “आपका मकान तो पूर्ण हो गया. अब दोबारा नहीं मिलेगा.”

पडद्यावर मी. मागं मालगुजाराचं घर, बाजूला पाटी. माझे दात दिसत होते. इतकी खूश मी माझ्या लग्नातही दिसले नव्हते.

रडू आलं नाही. लाज वाटली. आणि बसमध्ये बसल्यावर त्या लाजेचाच राग आला. चोरी त्यांनी केली, तोंड मी का लपवू?

मागच्या आठवड्यात जिल्ह्याहून तपासणी आली. आदल्या दिवशी सहायक व्हरांड्यात येऊन गेला. “साहेब विचारतील, घर तुह्यं हाय का? हौ म्हन. एवढंच. नाहीतं ही शाळाबी खाली करा लागते.” बोलताना तो माझ्याकडं नाही, मोठ्या मुलीकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्या पायरीखाली उभं केलं. पाटी टांगलेली, दाराला कुलूप. अर्धं गाव जमलेलं. अधिकाऱ्यानं विचारलं, “यह मकान आपका है?”

मालगुजार खुर्चीत बसून पान चघळत होता. सासूनं माझा पदर धरला.

मी म्हणाले, “हौ. कागदावर माह्यं हाय. मंग कुलूप त्यायचं काहून? किल्ली मले द्या ना साहेब.”

मी पायरी चढले. दारापर्यंत गेले आणि कुलूप हातात धरून ओढलं. मालगुजारीणबाई किंचाळली, “उतर खाली!” मी उतरले नाही. अधिकाऱ्यानं फाईल मिटली. “बाद में देखेंगे,” म्हणाला आणि शेजारच्या त्यांच्या जुन्या घरात चहाला गेला.

त्यानंतर बाभळीखालचे कवेलू कुणीतरी फोडले. सगळे. एकही धड ठेवला नाही. संध्याकाळी अनोळखी मोटारसायकली शाळेसमोर येतात, इंजिन बंद न करता थांबतात, निघून जातात. पंचायतीची चिठ्ठी आली आहे, सोमवारपर्यंत व्हरांडा रिकामा करा. मोहल्ल्यातले लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. त्यांची घरं छतापर्यंत आली आहेत, त्यांना दोष देत नाही. नणंद मात्र येतच नाही. सासू रोज म्हणते, “चाल वं पोरी, गोंदियाले जाऊ. जिवावर बेतीन हे.”

बेतेल. मला ठाऊक आहे. मी काही शूर नाही. रस्त्यावर गाडी थांबली की मी दिवा विझवून मुलींना जवळ ओढते.

पण गोंदियाला मी जाणार नाही. नवऱ्याला फोन करून बोलावलं आहे. सोमवारी व्हरांडा रिकामा करते, त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे. चूल, भांडी, अंथरुणं, दोन्ही मुली आणि सासू घेऊन त्या नव्या घरी जाते. दार उघडलं नाही तर पायरीवर राहीन. सरकारच्या कागदात ते घर माझं आहे. तिथून मला उठवायचं असेल, तर आधी कुणीतरी सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावं, की हे घर हिचं नाही.