गोठ्यावरचा सांधा

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा मी बुलढाण्याला शाळेत विज्ञान शिकवायचो. दरवर्षी तेच फळ्यावर: विजेचा दाब तेवढाच ठेवून रोध दुप्पट केला, तर प्रवाह निम्मा होतो. मुलं उतरवून घ्यायची.

देऊळघाटला घरी आईचे पाय गेले. स्वयंपाकघर गोठ्याच्या पलीकडे, हाक पोचत नसे. मी बॅटऱ्या आणल्या, आईच्या उशाशी बटण बसवलं, वहिनीच्या चुलीपाशी घंटी. तार गोठ्यावर कमी पडली म्हणून तुकडा जोडला. सांध्याला कथील वितळवून डाख द्यायला हवा होता. पण सायकलवर परतायचं होतं. टोकं नुसती पिळली. घंटी वाजली. माझं कौतुक झालं.

काही महिन्यांनी एका रविवारी गेलो, तर आईचं अंथरूण ओलं.

“दाबू दाबू बोट झिजलं माहं,” आई म्हणाली. “पन राणीसाहेब येतील तं शपथ!”

वहिनी दारात उभी होती. “घंटी वाजलीच नाही भाऊजी. मी चुलीपाशीच व्हती.”

“हाव, घंटी खोटी अन् तू खरी!”

दादा मला म्हणाला, “तू पाह्य बरं एकदा.”

गोठ्यावर चढलो. सांध्यावर हिरवा थर चढला होता. बॅटऱ्यांचा दाब होता तेवढाच. रोध त्या बोटभर जागेत वाढला होता, आणि उरलेल्या प्रवाहाला घंटीचा दांडा हलवणं जमत नव्हतं. तार चाकूने खरवडली, पुन्हा पिळली. खाली येऊन बटण दाबलं. घंटी खणखणीत वाजली.

“काय झालं व्हतं?” दादाने विचारलं.

“काही नाही. घंटी तं चांगली हाये.”

हे खोटं नव्हतं. घंटी चांगलीच होती.

पुढच्या रविवारी, दादा वावरात असताना, मी सांध्याला डाख दिला. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, सून मुद्दाम ऐकत नाही. दादा ऐकून घ्यायचा. वहिनी कामातून उठून वारंवार आईच्या दारात जाऊन उभी राहायची, घंटी वाजो न वाजो. आई जाईपर्यंत.

गेल्या महिन्यात वहिनीला त्या सांध्याचं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबले नाहीत.

“मले काऊन सांगता भाऊजी? घंटी वाजली नव्हती हे मले ठाऊकच हाये. तुमच्या दादाले सांगा.”

दादा ओसरीवर होता. मी आधी कापसाचं विचारलं. मग सांगितलं. तो उठला आणि मला ओलांडून आत, वहिनी बसली होती तिकडे गेला.