माणक्याचं आवतण

आमच्या घरचं बैलाचं आवतण माझ्या साहेबांना गेलं, यात चूक फक्त माझ्या डाव्या खांद्याची होती.

मी परभणीच्या एका कचेरीत कारकून. कामसू म्हणून माझा मोठा लौकिक आहे (तो मीच पसरवलाय). बसमध्ये मी तक्ते तपासतो, लग्नात अक्षता पडेपर्यंत ईमेल उरकतो, आणि कुणी रिकामं बसलेलं दिसलं की त्याच्या घरी काही वाईट झालंय का, अशा नजरेनं बघतो. गेल्या साली पोळ्याला राणीसावरगावला घरी गेलो, तेही लॅपटॉप बगलेत मारूनच.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. ते गरम पाण्यानं शेकायचे, हळद-लोण्यानं चोळायचे आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी त्याला काडीचं काम सांगायचं नाही. आमच्याकडं हा मान माणक्या बैलाचा.

"अरे, ठेव की तो फोन!" आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. "माणक्या कवापासून तुझ्याकडं बघायलाय."

"आबा, दोन्ही कामं एकदम होतात."

होत नाहीत! फोन डावा खांदा आणि कानाच्या मधे दाबलेला, उजवा हात माणक्याच्या खांद्यावर. फोनवर साहेब विचारत होते, "तक्ता कुठपर्यंत आला?" इकडं आबा खुणावत होते, म्हण, म्हण! मी म्हणालो. मोठ्यानं, अगदी भक्तिभावानं. माणक्याच्या कानात नाही, फोनमध्ये.

माणक्यानं मान हलवली, घुंगरं वाजली. मग साहेब म्हणाले, "येतो. किती वाजता?"

आता "साहेब, ते बैलाला होतं" असं सांगणारा कारकून अजून जन्माला यायचाय. मी म्हणालो, "बारा वाजता."

"येऊ दे की!" माय हसून लोटपोट. "पुरण काय कमी पडायलंय का?"

मी घरातल्या सगळ्यांना शपथा घातल्या. आवतण माणक्याचं होतं हे साहेबांना कळता कामा नये! कळलं तर माझी बदली नकाशाच्या कडेला होईल, मग पोळ्यालाच काय, दिवाळीलाही घरच्यांचं तोंड दिसायचं नाही. माझी नऊ वर्षांची मुक्ता तेवढी म्हणाली, "पण बाबा, मग माणक्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी साहेब बाराला पाच कमी असतानाच हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा आणि खिशातून डोकावणारा एक लाल गोंडा (तो कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही). तेवढ्यात माय पुरणपोळीचं ताट घेऊन बाहेर आली. "आधी पावण्याला!"

साहेबांनी हात पुढं केले. ताट त्यांच्या नाकाखालून माणक्याकडं गेलं.

"काका, आज आवतण त्याचंच..." मुक्तानं सुरुवात केली आणि मी इतक्या जोरात खोकलो, की माणक्यानं खाणं थांबवून माझ्याकडं बघितलं. आबांनी पाणी आणलं. साहेब नुसते मिशीत हसले.

जेवणं झाली. मी लगबगीनं लॅपटॉप उघडला. "साहेब, तक्ता बघायचा ना?"

साहेब कुठायत? साहेब बूट काढून अंगणात मुक्ताशी विटीदांडू खेळत होते! आणि खेळत होते म्हणजे काय, भांडत होते. "हा डाव धरायचा नाही, माझं लक्ष नव्हतं!" एवढा मोठा माणूस, तीन वेळा बाद होऊन चौथा डाव मागत होता. मुक्तानं दिला. साहेबांनी सगळा जीव काढून टोला हाणला आणि विटी थेट माझ्या लॅपटॉपच्या पडद्यात!

"साहेब, तक्ता गेला!"

"जाऊ द्या हो. बसा जरा."

हुकूमच झाला, म्हणून बसलो. निंबाखाली बाजेवर आबांच्या शेजारी. हात रिकामे. त्यांचं काय करायचं तेच कळेना, मांडीवर ठेवले तरी बोटं आपली टाइप करतायत! समोर माणक्या रवंथ करत होता, आम्ही बघत होतो. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"लय वर्सांनी बसलास रं बाबा," आबा हळूच म्हणाले.

आबांचे हात इतके थकलेत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

निघताना साहेब माणक्यापाशी गेले. लाल गोंडा त्याच्या शिंगाला बांधला आणि कानात म्हणाले, "माफ करा, तुमचं आवतण मी घेतलं."

"साहेब, म्हणजे तुम्हाला..."

"फोनवर घुंगरं वाजायली होती की! पाथरीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा हाय मी." कचेरीत दोन वर्षांत त्यांच्या तोंडून 'हाय' ऐकलं नव्हतं. "बैलं गेली, मायबाप गेले. जेवायला या म्हणणारं कुणी ऱ्हायलं न्हाई. म्हटलं, चुकून का होईना आलंय, तर जावं."

मायनं डोळ्याला पदर लावला आणि आणखी चार पोळ्या बांधून दिल्या.

यंदा खांदेमळणीला मी आपणहून साहेबांना फोन लावला आणि रीतसर आवतण दिलं.

"माणक्याला दिलं का?" साहेबांनी विचारलं.

"आधी त्यालाच दिलं, साहेब."

"अन् सोताला?"

मी मांडीकडं बघितलं. तिथं लॅपटॉप उघडा होता (पडदा नवा, तक्ता तोच). शेजारी मुक्ता उभी होती. तिनं हळद-लोण्याचा हात माझ्या इस्त्रीच्या शर्टावर, खांद्यापासून मानेपर्यंत चोळला आणि कानाशी येऊन म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी मान हलवली, अगदी माणक्यासारखी. फरक इतकाच, की माणक्याच्या मानेवरचं जू आबांनी सकाळीच उतरवलं होतं. माझं मुक्तानं मांडीवरून उचलून नेलं.