या वर्षी काहीतरी कडक

मुलांच्या इस्पितळात तळमजल्याच्या टोकाला प्लास्टरची खोली होती. तिथे एक बाई इतकी वर्षं काम करत होत्या की त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी उपयोगाला यायचं. एरवी डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना प्लास्टरबाईच म्हणत. मोडलेलं हाड डॉक्टर जागेवर बसवत, पुढचं सगळं बाईंच्या हाती. आधी कापसाची गुंडाळी, मग ओली पट्टी, मग "आता जरा ऊन ऊन लागेल हं, घाबरायचं नाही." प्लास्टर काढायच्या दिवशी करवतीचा आवाज ऐकला की पोरं घर डोक्यावर घ्यावं तसं इस्पितळ डोक्यावर घ्यायची. तेव्हा बाई ती करवत चालू करून स्वतःच्याच तळहाताला लावून दाखवत. ती नुसती थरथरते, कातडी कापत नाही, हे पोरांना पटायचं. त्यांच्या आयांना मात्र कधीच पटलं नाही.

या कामापायी बाईंच्या नजरेला एक खोड लागली होती. पलंग पाहिला की त्यांना मनगट दिसायचं, झोका पाहिला की कोपर, आणि सायकल पाहिली की नडगी. स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण धाकट्या भावाची एकुलती एक मुलगी होती. तिचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत म्हणून तिला भिंगरी म्हणत. या भिंगरीला आत्याकडून आजवर मिळालेल्या भेटी म्हणजे मऊ ससा, मऊ अस्वल, लोकरीची टोपी आणि आत कापूस भरलेला चेंडू. एकदा रंगीत पेन्सिली दिल्या, तर त्यांचीही टोकं आत्याने आधी घरी कागदावर घासून बोथट करून आणली होती.

नववा वाढदिवस तोंडावर आला तेव्हा भिंगरीने स्वतःच फोन केला. "आत्या, या वर्षी मऊ काही नको. काहीतरी कडक आण." कडक म्हणजे काय, ते तिने सविस्तर सांगितलं. घरी नळ दुरुस्त करायला माणूस आला होता. त्याच्या कमरेला एक घडीची वस्तू होती. ती उलगडली की पक्कड, पोटात कात्री, स्क्रू ड्रायव्हर, कानस आणि काय काय. नळवाल्याने ती तिला हातात घेऊ दिली नव्हती, त्यामुळे ती जास्तच मनात भरली होती.

भिंगरीला नाही म्हणायची आत्याला सवय नव्हती, म्हणून त्या हो म्हणून बसल्या. फोन ठेवल्यावर मात्र जेवताना घास उतरेना. भावाला विचारलं, तर तो म्हणाला, दे की, काय होतंय. हे वाक्य तो लहानपणी झाडावरून उडी मारायच्या आधीही म्हणायचा. भावजयीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "ताई, पातं असलेलं काही आणलंत, तर तुम्हीपण इथेच राहायला या. तिच्यामागे फिरायला कुणीतरी लागेल."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर बाई हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. दुकानदार शांत स्वभावाचा माणूस होता, निदान तोवर तरी. त्याने काउंटरवर चार-पाच प्रकार मांडले. बाईंनी एकेक उचलून पेशंट तपासावा तसा तपासला. उघडला, मिटला, कानाशी नेऊन हलवला, प्रत्येक कडेवरून अंगठा फिरवला. पहिल्याचं पातं एवढं होतं की त्याने मोठा मासा साफ झाला असता. दुसरा इतका घट्ट, की उघडताना बाईंचंच नख गेलं. तिसरा इतका सैल, की नुसता उचलला तर मोडकी छत्री उघडावी तसा अंगावर आला. चौथ्याला बाटलीचं झाकण उघडायची सोय होती. नऊ वर्षांच्या मुलीने कसली बाटली उघडायची, असं बाईंनी विचारलं. ते सगळ्यांना असतंच, न उघडलेलं चालतं, असं दुकानदार म्हणाला.

मिटताना नेमकं कुठलं बोट कुठे सापडेल, हे बाई त्याला दाखवत होत्या, आणि प्रत्येक बोटाबरोबर एक गोष्ट सांगत होत्या. बोट दारात सापडलेला मुलगा, खुर्चीच्या भोकात अडकलेली मुलगी, आणि नाकात नट घालून तो फिरवून आत बसवणारा एक शास्त्रज्ञ. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं आधी चुळबुळत होती, मग ऐकायला पुढे सरकली. शिडी घ्यायला आलेले एक गृहस्थ सगळं ऐकून शिडी न घेताच घरी गेले.

ते गेलेले पाहून दुकानदाराने खालचा खण उघडला आणि तिथून एक लहानशी वस्तू काढली. पातं नव्हतंच. छोटी पक्कड, गोल टोकांची कात्री, दोन स्क्रू ड्रायव्हर, कानस, आणि मुख्य म्हणजे एक कळ. ती दाबल्याशिवाय उघडलेलं काहीही मिटत नव्हतं, म्हणजे बोटावर येऊन आदळत नव्हतं. बाईंनी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला, पण बोट सापडेना. दोष न सापडल्याने त्या जरा नाराजच झाल्या. शेवटी घेतली, पण आठवडाभर स्वतः वापरून बघणार आणि मगच देणार, असं त्याला बजावून.

चाचणी पहिल्याच दिवशी सुरू झाली. डॉक्टरांच्या चष्म्याची काडी कधीची लोंबत होती, ती बाईंनी घट्ट केली. सामानाच्या ढकलगाडीचं एक चाक कायम रुसलेलं असायचं, ते सरळ केलं. हात मोडून आलेल्या एका मुलाच्या जाकिटाची चेन अडकली होती. एरवी बाहीच कापावी लागली असती, पण पकडीने चेन अलगद सुटली आणि त्याच्या आईने बाईंचे हात धरले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वॉर्डातून बोलावणी येऊ लागली. इस्पितळाचा दुरुस्ती बघणारा माणूस येऊन दाराशी उभा राहिला आणि आपण आता दुसरी नोकरी बघावी का, असं त्याने पडलेल्या आवाजात विचारलं.

घरी तर विचारू नका. कपाटाच्या बिजागऱ्या झाल्या, कुकरचा दांडा झाला, शेजारणीच्या पंख्याचं झालं. घरात सैल काही उरलं नाही, तेव्हा बाईंनी चांगलं घट्ट असलेलं स्विचबोर्डाचं झाकण सैल केलं आणि पुन्हा घट्ट केलं.

वाढदिवस दोन दिवसांवर आला आणि बाईंना उमगलं की ही वस्तू आपल्याला द्यायची नाहीये. तशीच दुसरी आणायला त्या लगबगीने दुकानात गेल्या. तो एकच नग होता, पुढचा माल कधी येईल सांगता येत नाही, असं दुकानदार म्हणाला. ते खरं होतं की त्या दिवशीची शिडी त्याला आठवली होती, कोण जाणे.

मग बाईंचं मन नाना सबबी शोधू लागलं. नऊ म्हणजे तसं लहानच वय. भावजयीच्या जिवाला घोर कशाला लावा. त्याऐवजी बाटलीवाला तो चौथा द्यावा का, हेही मनात येऊन गेलं. अखेर त्यांनी हत्तीच्या आकाराची एक उशी घेतली. उशी इतकी मऊ, की गुंडाळायला घेतली तर कागदाला आकारच येईना. ती नीट बांधून त्या भावाकडे गेल्या. खरी वस्तू पर्समध्ये होती, पण ती म्हणे अशीच, सवय झाली म्हणून.

भिंगरीने पुडकं घेतलं आणि उघडायच्या आधी अंगठ्याने दाबून पाहिलं. अंगठा आत गेला. तिने कागद सोडवला, हत्ती बाहेर काढला आणि म्हणाली, "छान आहे हं, आत्या. थँक्यू." मग तिने तो कोचावर नीट बसवून ठेवला आणि पाहुण्यांसारखी बाजूला उभी राहिली.

इतकी वर्षं बाई इस्पितळात मुलांना बघत आल्या होत्या. जे पोर बोंबलतं, हातपाय झाडतं, त्याची त्यांना कधी काळजी वाटली नव्हती. जे पांढरंफटक पडून "नाही दुखत" म्हणतं, त्याच्यासाठी त्या डॉक्टरांना हाक मारायच्या. भिंगरी आत्ता तसंच म्हणाली होती. आणि ती ते म्हणायला आपल्यामुळे शिकली, याची बाईंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी पर्समध्ये हात घातला आणि मन बदलायच्या आत ती वस्तू भाचीच्या हातात ठेवली.

भिंगरीने ती उलटसुलट करून पाहिली. सांध्यात प्लास्टरची पांढरी भुकटी बसली होती, एका बाजूला ओरखडा होता.

"ही वापरलेली आहे."

"हो. मी वापरली. सोडवत नव्हती मला."

भिंगरीने जरा विचार केला. "मग तुला?"

"मी दुसरी बघेन कधीतरी," बाई म्हणाल्या, आणि म्हणताना जड गेलंच.

तेवढ्यात भावजय आली. तिच्या चेहऱ्यावर बोलणं जमा होताना दिसत होतं. पातं नाही, कळ आहे, असं बाई सांगत होत्या, तोच भाऊ मध्ये पडला. इकडे आण, मी दाखवतो कशी मिटायची, असं म्हणून त्याने ती लेकीच्या हातून घेतली. पक्कड पुरती उघडायच्या आतच त्याने दोन्ही दांडे जोरात एकमेकांवर दाबले, आणि मधे तळहाताची कातडी होती. बाईंनी काउंटरवर सगळी बोटं तपासली होती, तळहाताचा विचार केला नव्हता. जखम कसली, नुसता चिमटा. पण भाऊ खोलीभर नाचला. बाईंनी त्याला खुर्चीत बसवून पट्टी बांधली. भिंगरीने बापाला समजावून सांगितलं की आधी पूर्ण उघडायची, टक् असा आवाज आला की मग कळ. लेकीसाठी तयार केलेलं भाषण वाया जाऊ नये म्हणून भावजयीने ते नवऱ्याला ऐकवलं.

जेवणं झाल्यावर आत्या-भाची दोघी दिसेनाशा झाल्या. त्या स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या. चमच्यांचा खण या घरात नव्या सुनेसारखा वागवावा लागे, म्हणजे आधी डावीकडून जरा उचलायचं, गोंजारायचं आणि मग जीव खाऊन हिसका द्यायचा. भिंगरी स्क्रू फिरवत होती, बाई खण खालून धरून होत्या. हात पुढे करून पर्स चाचपावी तशी त्यांची बोटं अधूनमधून वळवळत, पण स्क्रू ड्रायव्हर त्यांनी मागितला नाही. फक्त एकदा "अगं, उलटा फिरवतेयस," एवढं म्हणाल्या.

थोड्या वेळाने भावजय चमचे घ्यायला आली. डावीकडून उचलून, गोंजारून तिने नेहमीसारखा हिसका दिला. अख्खा खण बाहेर येऊन तिच्या पोटाशी आला आणि घरातले यच्चयावत चमचे फरशीवर खणखणत पसरले.

भावजयीने खण पुन्हा जागेवर घातला. एका बोटाने बाहेर ओढला. एका बोटाने आत ढकलला. परत ओढला.

"न्हाणीघराच्या दाराची कडीसुद्धा लागत नाही नीट," ती म्हणाली.