पाचवं नाव

फौजेतून रिटायर झालेले एक हवालदार रहिमतपूरच्या बाजाराला आले, की आधी आमच्या वाचनालयात येतात. भाजीची पिशवी दाराशी टेकवतात, वाचून झालेलं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "बाई, ओके रिपोर्ट." म्हणजे पुस्तक आवडलं. न आवडलेलं पुस्तक ते एक शब्द न बोलता परत करतात.

डिसेंबरात मी वाचकांची वर्षातली आवडती पुस्तकं फळ्यावर लिहिते. यंदा हवालदारांनी पाच नावं दिली. दोन कादंबऱ्या, एक शिकारीचं, एक आल्याच्या शेतीचं आणि पाचवं एका ख्रिस्ती साधूचं, प्रार्थनेवरचं. माझा आवाज आपोआप खाली आला.

"हवालदारसाहेब, हे नको. गावात सध्या वातावरण बरं नाही. लोक म्हणतील, बाटले."

"आवं बाई, पुस्तक वाचलंय, बाप्तिस्मा न्हाई घेतला. गप कसं बसावं, ते लय बेस सांगितलंय त्यात."

ते गेल्यावर मी चारच नावं लिहिली.

पुढच्या बाजाराला त्यांनी फळ्यासमोर उभं राहून बोटानं नावं मोजली. मग माझ्या टेबलावरचा खडू उचलून पाचवं नाव लिहिलं. त्याखाली स्वतःचं लिहिलं, हुद्द्यासकट, गावासकट. न आवडलेलं पुस्तक परत करताना असतात, तसे गप्प होते.

आता ते त्या फळ्याखालीच दाराकडे पाठ करून वाचत बसतात. दारात कुणाच्या चपला वाजल्या, की मान माझी वर होते. टेबलाच्या खणात मी फडकं ओलं करून ठेवलंय.