मानेतलं अक्षर

आमच्या घराण्यात अक्षर हातानं नव्हे, मानेनं काढतात.

वडील पलटणीत असताना त्यांच्या मानेत उसण भरली आणि मान डाव्या खांद्याकडे कलली ती कायमची. त्यांनीच मला मुळाक्षरं गिरवायला शिकवलं, तेव्हा अक्षराबरोबर मी मानही उचलली. मान कलली की ओळ उजवीकडे चढत जाते. कऱ्हाडपासून मलकापुरापर्यंत लग्नघराच्या भिंतीवर कावेनं लिहिलेली नवरानवरीची नावं छपराकडे निघालेली दिसली, की लोक म्हणत, "आबाचं अक्षर." मला त्याचा भारी अभिमान! (लग्न झाल्यावर हिलाही शिकवायला बसलो होतो. आठवड्याभरात 'तुला न्हाई जमायचं' म्हणून पाटी उचलून ठेवली.)

बेचाळीस साली एका सकाळी आमच्या चावडीच्या भिंतीवर हातभर उंचीचं 'चले जाव' उगवलं. तांबड्या कावेत, आणि उजवीकडे चढत गेलेलं.

दुपारी फौजदार आले. त्यांनी काही विचारायच्या आत अख्ख्या गावानं माझ्या मानेकडे बघितलं.

"मी न्हाई लिवलं, सायेब," मी म्हणालो. खरंच लिहिलं नव्हतं.

"मग लिहून दाखव. हीच भिंत, हीच काव, हेच शब्द. जुळलं तर साताऱ्याचा तुरुंग!"

वडील माझ्या कानाशी लागले. "आबा, जल्मात येकदा तरी घाण लिव. मान सरळ धर."

मान सरळ धरली तर कुंचा हलेना. सोडली की ओळ चढायला लागे. शेवटी वडिलांनी मागून माझं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं. (त्यांची स्वतःचीच मान वाकडी, त्यामुळे सरळ कुठं थांबतं ते त्यांना कळलं नाही आणि माझा कान उजव्या खांद्याला टेकला.) 'चले' भिंतीच्या मध्यावर राहिलं आणि 'जाव' जमिनीकडे घसरलं.

तेवढ्यात मला वाचवायला शेजारचे दगडूतात्या पुढं झाले. "सायेब, आवं आमी समदंच वाकडं लिवतोय. ह्याच्या बापानंच शिकिवलंया."

"समदे म्हणजे कोण कोण?"

"मी हाय."

"आन मी बी."

फौजदार पेटले. त्यांनी एकेकाला भिंतीपुढं उभं केलं. ज्यांनी जन्मात पाटी धरली नव्हती, तेही मान डावीकडे टाकून 'चले जाव' काढू लागले. ज्यांना अजिबात येईना त्यांचे हात शिपायांनी धरले. मेंढरं घेऊन वाटेनं चाललेल्या धनगरालाही त्यांनी सोडलं नाही. चावडी भरली, मग तालमीची भिंत घेतली. दगडूतात्यांनी 'जाव'चा काना खाल्ला, तेव्हा फौजदार खेकसले, "आण इकडं!" आणि मान डावीकडे टाकून त्यांनी स्वतः 'चले जाव' लिहून दाखवलं.

त्याच वेळी साताऱ्याहून गोऱ्या साहेबाची मोटार येऊन उभी राहिली.

फौजदारांनी ठिबकत्या कुंच्यासकट सलाम ठोकला. मान सरळ करायची तेवढी राहून गेली.

"हे सगळं कुणी लिहवलं?" साहेबाला मराठी चांगलं येत होतं.

"मी, सर," फौजदार म्हणाले.

साहेब भिंतीपाशी गेला. मग त्यानं पहिलं अक्षर बघितलं, माझं बघितलं. "ते पहिलं सुंदर आहे. हे कुणी लिहिलं? कोंबडीनं?"

"मी, सायेब."

"याला सोडा. याच्या हातून ते होणार नाही."

वडिलांनी सुस्कारा सोडला. मी मात्र भडकलो. "सायेब, माझी मान मोकळी असती तर—"

वडिलांनी दोन्ही हातांनी माझं तोंड दाबून मला घरी आणलं.

हिनं ताट वाढलं. बोटांच्या नखांत तांबडी काव होती. मी तिचा हात उजेडात धरला.

"आवं, पाटी तेवढी काढून घेतलीसा," ती म्हणाली, "मान ऱ्हायली हुती की माझ्याकडं." आणि तिनं ती डावीकडे कलवली.

पुढच्या लग्नसराईत ही पहाटे सडा घालायच्या वेळी भिंती लिहून येई आणि उजाडलं की मी कुंचा हातात धरून भिंतीपुढं उभा राही. लोक थांबून बघत आणि म्हणत, "फौजदारानं लिवून घेतल्यापास्नं आबाचं अक्षर लय सुधारलं."